न बांधलेली चिंधी

रंगा गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी एका माणसाला मारत होतो. सकाळी साडेसातला फोन आला होता, "मास्तर, हायवेला या, रंगनाथभाऊला टेम्पोनं उडवलं." पायात चपलासुद्धा न घालता मी मोटरसायकल काढली. मिरजगाव सोडल्यावर पहिल्या वळणाला, डांबराच्या अगदी कडेला रुईचं एक झुडूप आहे, तिथं गर्दी होती. रंगाला तोवर जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर त्याचा एक बूट, कॅमेऱ्याचा चुरा आणि दुधाच्या पिशवीचा एक पांढरा तुकडा पडला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, बेलापूरचा, डाळिंबाचे क्रेट घेऊन सोलापूरकडे निघालेला. चाकाला पाठ लावून उकिडवा बसला होता आणि एकच एक बोलत होता, "खाली बसल्यालं माणूस दिसलंच न्हाई हो मला… दिसलंच न्हाई." ते वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला कॉलर धरून उभा केला आणि हाणायला लागलो. आधी थपडा, मग मुठी. त्याच्या कानातून रक्त आलं. तो हातसुद्धा वर करत नव्हता. त्यानं एक जरी उलटी लगावली असती तरी मी थांबलो असतो. मागून कुणीतरी माझा दंड धरून म्हणालं, "सोडा मास्तर. गेले ते. दवाखान्याच्या दारातच गेले." ते ऐकल्यावरही मी आणखी दोन ठेवून दिल्या, मग लोकांनी मला ओढून बाजूला केलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, शाळेत पोरांना मराठी शिकवण्यात जन्म गेला, बाकी शेती. माझं डोकं गरम आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यामुळे त्या दिवशीच्या मारामारीचं कुणाला नवल वाटलं नाही. "जिवाभावाचा दोस्त होता, माणूस पिसाळणारच," असं म्हणून लोकांनी मला माफ करून टाकलं. पण "दिसलं नाही" या शब्दांनी मी पिसाळलो त्याचं कारण दुःख नव्हतं. ते कारण मी नऊ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, खुद्द रंगालाही नाही. रंगाच्या फोटोंबद्दल जाणकार लिहितील तेव्हा लिहितील. मला आधी हे सांगून टाकायचं आहे.

रंगनाथचा बाजारतळाजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, आधार कार्डाचे फोटो, आणि कुणी गेलं की भिंतीवर लावायला मोठा करून दिलेला फोटो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लग्नसराई नसलेल्या दिवसांत त्यानं कुठूनतरी वाचून आपल्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि उलटी करून बसवली. उलट्या लेन्समधून मुंगीचा डोळा सुपारीएवढा दिसतो. फक्त त्यासाठी किड्याच्या चार बोटांवर जावं लागतं, आणि आपण श्वास घेतला की तेवढ्यानंही चित्र हलतं. म्हणून तो श्वास रोखायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन फ्लॅशवर बांधायचा, म्हणजे उजेड मऊ पडतो. पहाटे दव असताना किडे गारठलेले असतात, लवकर उडत नाहीत, त्यामुळे उजाडता उजाडता हा बांधावर पालथा पडलेला असायचा. श्वास रोखला की याचे कानही बंद व्हायचे. एकदा माझी म्हैस दावं तोडून त्याच्या पायावरून गेली, बोटाचं नख उचकटलं, तरी हा पाच मिनिटांनी ओरडला. शकूवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "ह्यांना हाक मारायची तर आधी चिमटा काढावा लागतोय."

आणि फोटो कशाचे, तर मारामारीचे. फुलपाखरं त्याला आवडत नसत. ती कॅलेंडरवाल्यांना, म्हणायचा. कुंभारीण माशी अळीला नांगी मारून लुळी करते आणि जिवंतच मातीच्या मडक्यात कोंबते, पिल्लांनी ताजं खावं म्हणून… ते त्यानं टप्प्याटप्प्यानं टिपलं होतं. चतुरानं धरलेल्या माशीचं अर्धं तोंड, मुंगळ्यांनी पाय ओढून फाडलेला नाकतोडा. खंडोबाचा किडा, पुस्तकात ज्याला प्रार्थना कीटक म्हणतात, त्याची मादी संग चालू असतानाच नराचं डोकं खाते. तो फोटो त्यानं आमच्या शाळेत पडद्यावर दाखवला आणि हेडमास्तरांनी घाईघाईनं लाइटच घालवायला लावली. मी त्याला विचारलं होतं, असलं रक्तपाताचं काय बघतोस रे सारखं? तर म्हणाला, "मास्तर, तुझ्या बांधावर रोज पानिपत हाय. तुला निस्तं गवत दिसतंय, त्याला मी काय करू?" मला राग आला होता, पण त्यानंतर बांधावरून चालताना मी खाली बघायला लागलो हेही खरं.

त्याचा एक नेम होता. किड्याला हात लावायचा नाही, पकडायचा नाही, मारायचा तर नाहीच. संगमनेरला एका शिबिरात शहरातले एक नावाजलेले फोटोग्राफर शिकवायला आले होते, मीही हौसेनं त्याच्याबरोबर गेलो होतो. त्या गृहस्थांनी थर्माकोलच्या डब्यात बर्फ ठेवला होता आणि बर्फावर सात-आठ किडे. गारठून निपचित पडले की काडीवर मांडायचे, पाहिजे तशी मान वळवायची आणि फोटो काढायचा. रंगानं तो डबा उचलला आणि पालथा केला. ते गृहस्थ चिडले, याला गावठी म्हणाले. यानं त्यांच्या कानाखाली जाळ काढला, त्यांच्या चेल्यानं स्टँडचा पाय याच्या कपाळावर हाणला, मग मी कसा मागे राहणार… आम्हाला दोघांना गेटबाहेर काढलं. कपाळाला रुमाल बांधून बसस्टँडवर चहा पिताना तो म्हणाला, "मेल्याचे फोटो मी धंद्यासाठी काढतो मास्तर. हे धंद्यासाठी न्हाई." त्याच्या कपाळावर शेवटपर्यंत ती खूण होती.

आता भांडणाचं सांगतो. माझ्या तुरीच्या रानाच्या बांधावर एका हिवराच्या फांदीला खंडोबाच्या किड्याचा अंड्यांचा कोष चिकटलेला होता, वाळलेल्या फेसाच्या गोळ्यासारखा. रंगा त्याच्यावर पाळत ठेवून होता. त्यातून शे-दोनशे पिल्लं एकदम लोंबकळत बाहेर पडतात, ते त्याला टिपायचं होतं. मला म्हणाला होता, "मास्तर, एवढा बांध पेटवू नको." मी हो म्हणालो होतो. आणि विसरलो. दरवर्षीसारखं उन्हाळ्यात गवत पेटवून दिलं, वारा होता, हिवरही होरपळला. तो संध्याकाळी आला, फांदी बघितली, आणि कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं माझ्या पाठीत घातलं. मी खाली पडलो. उठलो तो ढेकूळ घेऊनच. त्याचा पुढचा दात पडला, माझी एक बरगडी चिरली. राखेत लोळत दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं एकमेकांचे गळे धरतायत, हे बघायला शेजारच्या रानातली माणसं बांधावर आली होती. चूक माझी होती, मला कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त मारलं. त्यानंतर पाच महिने आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तो मात्र उजाडायला माझ्या रानात येतच होता. माती सांगायची, कोपरांचे आणि गुडघ्यांचे ठसे असायचे. मला ते ठसे बघून आणखीच चीड यायची. बोलायचं नाही आणि रान मात्र माझं पाहिजे…

त्या वर्षी तूर फुलोऱ्यात असताना अळी फार पडली. मी दोन औषधं एकत्र केली आणि डबल डोस टाकला. असं करू नये हे बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि आम्ही सगळे करतो. आमच्याकडे एक रीत आहे. जहाल फवारणी केली की रानाच्या तोंडाशी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायची, म्हणजे कुणी वैरणीला, शेंगांना, जनावरं घेऊन आत शिरत नाही. मी आयुष्यात ती कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी अंधार पडता पडता फवारणी संपली, काठी रोवलेलीच होती, चिंधी खिशात होती. मी ती बाहेर काढली. मग रंगाच्या गुडघ्यांचे ठसे दिसले, आणि मी चिंधी परत खिशात घातली.

मला त्याला मारायचं नव्हतं. देवाशपथ सांगतो, ते मनातसुद्धा आलं नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं. सकाळी यावं, त्याची सगळी लाडकी मंडळी पाय वर करून मेलेली दिसावीत, आणि मी बांधावर उभा राहून ते बघावं, एवढंच. औषध पानावर असतं, पहाटे दवात उतरतं, आणि हा माणूस त्या दवात छातीवर झोपतो, कोपरं घासतो, तोंड पानाला लावतो, हे मला माहीत होतं; त्या ड्रायव्हरसारखं "दिसलं नाही" म्हणायची सोय मला नव्हती. माहीत होतं, पण डोक्यात राख घातलेल्या माणसाला माहीत असून काय उपयोग. चिंधी खिशात घेऊन मी घरी गेलो आणि व्यवस्थित जेवलो.

सकाळी आठ-सव्वाआठला मी मजा बघायला गेलो. तो तुरीच्या दोन ओळींमध्ये गुडघ्यांवर आणि हातांवर होता, जनावरासारखा, आणि ओकत होता. शर्ट पोटापर्यंत ओला. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मी त्याचं तोंड वर केलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. "मास्तर, अंधार का पडला रे?" म्हणाला. सूर्य कासराभर वर आला होता. मी त्याला खांद्यावर टाकून विहिरीवर नेलं, कपडे फाडून काढले, मोटर चालू करून पाइप अंगावर धरला. तो डोळे मिटायला लागला की थोबाडीत मारत होतो, पुन्हा पुन्हा, रडत रडत मारत होतो. कॅमेऱ्याचा पट्टा त्यानं मनगटाला गुंडाळलेला होता, तो सोडवेना, शेवटी विळ्यानं कापला.

नगरच्या दवाखान्यात तो सात दिवस होता. विषावरच्या औषधानं माणूस भ्रमिष्ट होतो. पहिल्या दोन रात्री त्याचे हातपाय पलंगाला बांधावे लागले. अंगावर किडे चढतायत म्हणून तो किंचाळायचा, नर्सच्या हाताला चावला, सुईसकट नळी उपसून फेकली, चादरीवर सगळं रक्त. ज्या माणसानं जन्मात किड्याला झटकलं नाही तो स्वतःच्या छातीवरून मूठभर काहीतरी ओरबाडून भिंतीवर आपटत होता. मी त्याचे खांदे दाबून धरायचो. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलं, अहो, एवढा उग्र वास असतो, कळलं नाही का? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर्दी झाल्ती." आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "चिंधी बांधली होती मी. वाऱ्यानं उडाली असेल." तो म्हणाला, "उडाली असंल." तिथं आमचं भांडण मिटलं. पुढची नऊ वर्षं आमची दोस्ती या दोन वाक्यांवर उभी होती.

बरा झाल्यावर दोन महिन्यांनी तो घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम माझ्या हातात दिली. "तुझ्या तुरीतला हाय. तुझ्याकडंच ठेव," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. खंडोबाचा किडा, समोरून, पुढचे दोन्ही पाय उचललेले, हिरवा चेहरा फ्रेमभर, आणि जबड्यापाशी एकच टपोरा थेंब. त्या थेंबात उलटं झालेलं तुरीचं पिवळं फूल. मी असा फोटो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, मरता मरता वाचला, आणि मला बक्षीस देतोय. माझ्या मनाला इतकं लागलं, की काहीतरी भरपाई करावी म्हणून मी त्याला न सांगता ती फ्रेम संगमनेरच्या एका कॉलेजातल्या प्रदर्शनाला पाठवली. पहिला नंबर आला. परीक्षकांनी भाषणात त्या दवबिंदूचं फार कौतुक केलं. रंगाला मी फसवूनच नेलं होतं. त्यानं मान खाली घालून सन्मानचिन्ह घेतलं. परत येताना प्रवरेच्या पुलावर त्यानं मोटरसायकल थांबवायला लावली, उतरला, आणि ते काचेचं सन्मानचिन्ह कठड्यावर आपटून खाली पाण्यात भिरकावलं. हात कापला त्याचा. मी ओरडलो, डोकं फिरलंय का तुझं? तर रक्ताळलेल्या हातानं माझी गचांडी धरून म्हणाला, "परत कुठं पाठवलास तर हात मोडीन." मी मनात म्हटलं, प्रसिद्धीचा तिटकारा आहे, कलावंत माणूस आहे. केवढा मूर्ख मी.

रंगाचे दिवस घातल्यावर आठवड्यानं शकूवहिनींकडे गेलो. स्टुडिओचं शटर खाली होतं, आत त्या एकट्याच उलट्या लेन्सच्या झाकणांची डबी घेऊन बसल्या होत्या. मला सांगायचंच होतं. मी म्हणालो, वहिनी, त्या वर्षी चिंधी उडाली नव्हती. मी बांधलीच नव्हती. मुद्दाम. त्यांनी डबीचं झाकण लावलं. "ठावं हाय मला," म्हणाल्या. "त्या दिवशी सात वाजता त्यांचा फोन आल्ता. म्हनले, मास्तरनं रान फवारलंय, लई वास येतोय, आन् काठीला चिंधी न्हाई, गडी अजून तापल्याला दिसतोय. म्या म्हनलं, आवं मग निघा की तिथनं. तर म्हनले, आज एक बी उडत न्हाई गं… सगळे जागच्या जागी थांबल्यात. थोडं काढून येतो. आन् ठेवला फोन."

मी विचारलं, आणि सर्दी?

"कसली सर्दी," त्या म्हणाल्या.

ज्या माणसानं बर्फातल्या किड्यांसाठी कपाळ फोडून घेतलं, तो माझ्या विषानं लुळ्या पडलेल्या किड्यांपुढे तासभर श्वास रोखून पालथा पडला होता… सगळं कळत असताना. ते थांबले होते म्हणून. मी म्हणालो, मग नऊ वर्षांत मला एकदा तरी बोलायचं होतं त्यानं, शिव्या घालायच्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "मी म्हनायची त्यांना, बोला एकदा मास्तरशी. तर म्हनायचे, त्यानं एक मिनिट पाप केलं, म्या तासभर केलं. कुनी कुनाला बोलायचं? तो फोटू घरात लावू देईनात. म्हनले, तो मास्तरच्याच भिंतीवर ऱ्हाऊ दे, दोघांचा हाय." आणि मग त्या रडल्या, दहाव्यालासुद्धा रडल्या नव्हत्या इतक्या. "म्या तवाच तुमाला फोन का न्हाई केला, मास्तर? नंबर हुता माझ्याकडं. पन तुमी बोलत नव्हता आमच्याशी, म्हनून म्या बी मानानं गप ऱ्हायले."

घरी येऊन मी चष्मा पुसून त्या फोटोपुढे उभा राहिलो. जन्मभर फवारण्या केल्या आहेत मी. विषारी औषध अंगावर पडलेला किडा शेवटी शेवटी पाय ताठ वर उचलतो आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे मला शेंबड्या वयापासून माहीत आहे. नऊ वर्षं ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. तसंच पाणी मी त्याच सकाळी रंगाच्या तोंडातून गळताना पाहिलं होतं. आणि तरी मला तो दवबिंदू दिसत होता. हायवेवरच्या त्या ड्रायव्हरला न दिसलेला माणूस तर झुडपाआड बसलेला होता.

मग मी बेलापूरला गेलो. पत्ता शोधत शोधत घर सापडलं. ड्रायव्हर ओट्यावर होता, कानात कापूस, त्या बाजूनं अजून नीट ऐकू येत नाही म्हणाला. मी हात जोडले. म्हणालो, तुमची चूक नव्हती, श्वास रोखला की त्याला गाडीचा आवाज यायचा नाही. मी तुम्हाला मारलं ते तुमच्यासाठी नव्हतंच. त्याला त्यातलं किती समजलं कोण जाणे, "बसा," तेवढं म्हणाला. त्याच्या बायकोनं मात्र मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं तिनं. मी उभ्या उभ्याच परत आलो.

फ्रेम काढून टाकावी असं दोन-तीनदा मनात आलं, खिळ्यापर्यंत हातही गेला. पण "दोघांचा हाय" असं तो म्हणाला आहे, मी एकटा कसा काढू. गेल्या रविवारी पुतणीचे सासरे आले होते. येणारे सगळेच उभे राहतात तसे तेही फोटोपुढे उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा, काय दव टिपलंय हो." या वाक्याला मी नऊ वर्षं "हो ना" म्हणत आलो आहे. त्या दिवशी म्हणालो, "दव नाही ते. विष आहे. मी फवारलेलं." ते माझ्याकडे वळले, पुढे काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. ऐकू काहीच आलं नाही. मी श्वास रोखून धरला होता.